‘पहिले मना हात’ म्हणणाऱ्या वायरमन भाऊंना

भाऊ, नमस्कार.

आमचा गिझर दुरुस्त करून दिलात म्हणून फोनवर आभार मानायला लागले तर “त्यात काय ताई, कामच ते” म्हणून तुम्ही विषय संपवलात. माझं मात्र बोलून झालं नव्हतं. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. धुळ्याच्या देवपुरात तुम्हाला ओळखणारे ओळखतीलच.

धुळ्याची थंडी बाहेरच्यांना सांगून खरी वाटत नाही. मे महिन्यात जे गाव भाजून काढतं, तिथेच थंडीच्या लाटेत पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो. आईचे गुडघे त्या दिवसांत सकाळी वाकतच नाहीत. गरम पाण्याची अंघोळ हेच तिचं औषध. आणि ऐन थंडीत एका संध्याकाळी नळातून फुसफुसत वाफ आली, मागोमाग उकळतं पाणी. तिचा हात थोडक्यात वाचला. त्यानंतर गिझर गप्प झाला. पाणी फार तापलं की वीज तोडणारं त्यातलं कटआउट उडालं होतं, हे नंतर कळलं. आईच्या मनात मात्र अशी धास्ती बसली की ती त्या बटणाला हात लावेना. गॅसवर पातेलं तापवायचं आणि सोनगीरच्या तांब्याच्या घंगाळात ओतायचं, असं सुरू झालं. दुखऱ्या गुडघ्यांनी उकळतं पातेलं घेऊन ती स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे निघाली की माझा श्वास अडकायचा.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकाने झाकण उघडलं, बारीकसं बटण दाबलं, दिवा लागला, पैसे घेतले. का उडालं, विचारलं तर “होतं असं.” ते पुन्हा उडालं. मग कंपनीचा माणूस आला. त्याने झाकणही न काढता टाकी गेल्याचं सांगितलं आणि नव्या गिझरची किंमत ऐकवली. तिसरा म्हणाला, “कटआउट काढून वायर डायरेक्ट करून देतो, परत कधी उडणार नाही.” त्याला मी दारातूनच परत पाठवलं, पण त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. बंद टाकी, आत तापत राहणारं पाणी, आणि पाणी ठरल्याइतकं तापलं की गिझर बंद करणारा थर्मोस्टॅट अडकला तर वीज तोडणारं जे एकच उरतं, तेच काढून टाकायचं? खाली माझी आई अंघोळीला बसते हो! यांच्यापैकी एकानेही तिला एक प्रश्न विचारला नाही. वाफ तिने पाहिली होती, उकळतं पाणी तिच्या बोटांपाशी आलं होतं, आणि हे सगळे तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते.

तुम्ही आलात, मेन स्विच पाडला आणि पिशवी उघडायच्या आधी आईसमोर उकिडवे बसलात. “माय, काय व्हयनं ते तू सांग.” बस, तिथेच अर्धं काम झालं होतं. घरात कुणीतरी आपल्या अहिराणी बोलीत विचारतंय म्हटल्यावर आईने सगळं सांगितलं: वाफ कधी आली, दिवा कसा विझतच नव्हता, आतून कसा कडकड आवाज येत होता. दिवा विझत नव्हता हे ऐकून तुम्ही मान हलवलीत. तेव्हाच तुमच्या लक्षात आलं असणार.

काय काय उघडलंत ते मी सांगत बसत नाही. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले होते, म्हणून पाणी तापलं तरी वीज तुटत नव्हती. एलिमेंटवर बोअरच्या पाण्याचा क्षार पापुद्र्यासारखा जमला होता, कडकड त्याचीच. कटआउटमध्ये काहीच बिघाड नव्हता. ते हाताने दाबल्याशिवाय परत चालू होत नाही, ते मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे माणसाने थांबून कारण शोधावं, हे तुम्ही मला समजावलंत. पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो, आणि ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं, म्हणून नवा थर्मोस्टॅट ५० च्या आसपास लावून दिलात.

पण मी हे पत्र लिहितेय ते त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी. काम झालं होतं, पैसे सांगून निघता आलं असतं. तुम्ही निघाला नाहीत. न्हाणीघराच्या दारात उभे राहिलात, पाणी तापून गिझर आपोआप बंद होईपर्यंत. “आते ऐक माय,” म्हणालात, आणि तेवढ्यात खट् असा आवाज आला, दिवा गेला. मग नळ सोडलात. आई मागे सरली. “थांब माय, पहिले मना हात.” तुम्ही आपला हात धारेखाली धरलात, चांगला वेळ धरलात, आणि मग तिचा हात हातात घेऊन हळूच पाण्याखाली नेलात. ती हसली, भाऊ. थंडी सुरू झाल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

हे कुठल्या बिलात बसतं? तुम्ही त्याचं काही लावलंही नाहीत, वरचे पैसे दिले ते परत केलेत. चांगुलपणा संपला असं आम्ही चहा पिता पिता बोलत असतो. आणि इथे पाना-पकड घेऊन दारोदार फिरणारी माणसं अनोळखी म्हातारीच्या भीतीसाठी अर्धा तास उभी राहतात. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. मला लिहायच्या होत्या.

आई आता स्वतः बटण लावते आणि शेजारच्या काकूंना तो खट् आवाज ऐकायला बोलावते. क्षार काढायला पुढच्या थंडीआधी तुम्हालाच फोन करीन. पण त्याआधी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे. आईचा निरोप जसाच्या तसा देते: घरच्यांना घेऊन जेवायला यायचं, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस आहे, आणि त्या दिवशी पिशवी आणायची नाही.

तुमची,
देवपुरातली ताई