आईची खोली

प्रिय सुन्या,

हॉलमधे पार्टिशन कसं करावं विचारणारा तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले, पण दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

नारायण पेठेतली आमची जागा तुला आठवते ना, खाली छापखाना आणि वर ३० बाय २० चा नुसता मोकळा हॉल, १३ फूट उंची, मधे एक भिंत नाही. मला आणि मेघाला तेच आवडायचं. पण बाबा गेल्यावर आई इकडे आली, आणि एका सकाळी बघतो तर ती बाथरूमच्या दारात उभी, निऱ्यांचा खालचा काठ भिजलेला, कारण साडी बदलायला दुसरी जागाच नव्हती रे. "वाळेल की" म्हणाली. फार लागलं ते मला.

मग घाईघाईत सुताराकडून ७ फुटी प्लायचं पार्टिशन करून घेतलं, वर मोकळंच ठेवलं, हवा खेळती राहावी म्हणून. तिथेच चुकलं. आवाज वरून येतोच ना, कुकरच्या शिट्ट्या, माझे रात्रीचे ऑफिसचे कॉल, सगळं तिच्या उशाशी, आणि आम्हाला त्रास नको म्हणून ती खोकला दाबून धरायची. दोन महिन्यांत ते काढलं.

आता जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचे, चॅनल उभे करून दोन्ही बाजूंना साडेबारा एमएमचे जिप्सम बोर्ड डबल लावलेत, आत आवाज अडवायला रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, आणि भिंत पार स्लॅबला भिडवून फटी सीलंटने बंद केल्यात. विटेची भिंत मी विचारली होती पण स्ट्रक्चरल इंजिनिअर नको म्हणाले, जुन्या स्लॅबवर तेवढं वजन कशाला. माळ्याचा विचार पण त्यामुळेच सोडला. तू हॉलमधे पार्टिशन करणार आहेस ना, मग एक कर, बोर्ड बंद करायच्या आधीच वायरिंग उरक आणि जिथे जड काही टांगायचंय तिथे आतून प्लाय टाकून घे, नुसत्या बोर्डात खिळा धरत नाही. आम्ही देव्हाऱ्यासाठी आणि बाबांच्या फोटोसाठी टाकून घेतलं, उंची आईनेच हात लावून दाखवली.

खिडकी तिच्या बाजूला गेली म्हणून आमच्याकडे अंधार होईल असं वाटत होतं, म्हणून दारावर फ्लुटेड, म्हणजे उभ्या पन्हाळींची, काच बसवली, पलीकडचं दिसत नाही पण उजेड छान येतो. आमच्या बाजूला दीड फूट उंच ओटा केलाय, प्लाय टिंबर मार्केटमधून स्वतः जाऊन आणलं, खाली मोठे ड्रॉवर, सगळ्या गाद्या-रजया त्यात मावल्या.

पहिल्या रात्री आई आत गेली, आतून कडी लावली. बाबा गेल्यापासून ती आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. त्या रात्री काचेतून बराच वेळ दिवा दिसत होता, आवाज काहीच आला नाही. मी आणि मेघा दोघंही जागे होतो, पण दार वाजवलं नाही.

दिवाळीत ये, ओट्यावर तुझी गादी घालतो. आई तुझी रोज चौकशी करते.

तुझा,
मन्या