आधी काच ओळखा, मग फिल्म लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की खिडक्यांच्या सनकंट्रोल फिल्मच्या, म्हणजे ऊन रोखण्यासाठी काचेवर चिकटवायच्या पातळ प्लास्टिकच्या, जाहिराती सुरू होतात. '९५ टक्के उष्णता रोखते', 'खोली दहा अंशांनी थंड' असे दावे त्यांत सर्रास असतात. फिल्म ही कामाची वस्तू आहे. योग्य खिडकीला योग्य प्रकारची लावली तर दुपारचा चटका नक्कीच कमी होतो. पण नको त्या काचेवर चिकटवली तर तीच काच तडकते, आणि गरज नसलेल्या खिडकीला लावली तर पैसे जाऊन घरात फक्त काळोख होतो. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न फिल्मचा नाहीच, उन्हाचा आहे. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्यानंतर काही आठवडे तो दुपारी उत्तरेकडेच झुकलेला असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर थेट ऊन आत जवळजवळ येतच नाही. या खिडकीला गडद फिल्म लावली तर थंडीतले हवेहवेसे ऊन मात्र जाते. खरा त्रास पश्चिमेच्या आणि वायव्येच्या खिडक्यांचा. चारनंतर उन्हे कलली की छज्जाचा काही उपयोग उरत नाही आणि ऊन आडवे घरात शिरते. फिल्म लावायची तर आधी तिथे. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर आणखी थांबावे. रात्री दहालाही छताला हात लावून गरम लागत असेल, तर उष्णता स्लॅबमधून येते आहे. तिथे गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) हाच उपाय आहे.

फायदा किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. मे महिन्यात चारच्या सुमारास पश्चिमेच्या काचेवर चौरस मीटरमागे ६०० वॅटच्या आसपास ऊन पडते असे धरू. पाच बाय चार फुटांच्या स्लायडिंग खिडकीत चौकट वजा जाता साधारण दीड चौरस मीटर काच उरते, म्हणजे तिच्यावर ९०० वॅट. साध्या ५ मिमी काचेतून त्यातले सुमारे ७५० वॅट आत येतात. काचेवर पडणाऱ्या उन्हाची निम्मी उष्णता रोखणारी फिल्म असेल तर ९०० पैकी ४५० येतील. वाचले ३०० वॅट. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा हे त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढे झाले. बाल्कनीच्या आठ बाय सात फुटी काचेच्या दारावर हाच आकडा ९०० वॅटच्या घरात जातो, म्हणजे पाव टन. मोठ्या काचेला फिल्म अधिक मानवते ती यामुळे. आणि हे सगळे थेट उन्हाचे. बाहेर ४२ अंश आणि आत २७ असताना काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकाने जी उष्णता झिरपते, तिच्यात नेहमीच्या फिल्मने फारसा फरक पडत नाही. 'दहा अंशांनी थंड' हा दावा इथेच गळून पडतो. खिडकीजवळ बसणाऱ्याच्या अंगाला लागणारा चटका कमी होतो, तो मात्र खरा आणि मोठा फरक असतो.

आता दुकानातल्या दिव्याबद्दल. फिल्मवाला इन्फ्रारेड (आयआर), म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण सोडणाऱ्या, बल्बसमोर दोन काचा धरतो. साध्या काचेमागे हात भाजतो, फिल्मच्या काचेमागे काहीच लागत नाही. पण सूर्याच्या ऊर्जेत इन्फ्रारेडचा वाटा साधारण निम्मा असतो. जवळजवळ उरलेला सगळा भाग दिसणाऱ्या उजेडाचा, आणि अतिनील किरण जेमतेम तीन ते पाच टक्के. शिवाय काही वेळा मोजणी इन्फ्रारेडच्या एका अरुंद पट्ट्यावरच केलेली असते. म्हणून '९५ टक्के आयआर' म्हणजे ९५ टक्के उष्णता नव्हे. त्यातच पुष्कळ फिल्म उष्णता परतवत नाहीत, शोषतात. शोषलेल्यापैकी पाव ते एक तृतीयांश उष्णता तापलेली काच पुन्हा खोलीत सोडते. बल्ब पाच मिनिटे तसाच चालू ठेवायला सांगा आणि मग फिल्मच्या काचेला हात लावून पाहा.

विचारायचा आकडा वेगळा आहे: टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के बाहेर राहते. तोच एसएचजीसी या नावाने उलट बाजूने, म्हणजे किती ऊर्जा आत येते असा, दिलेला असतो, ०.४५ असेल तर ५५ टक्के ऊर्जा रोखली जाते. हा आकडा कोणत्या जाडीच्या, कोणत्या काचेवर मोजला तेही विचारावे. दुसरा आकडा व्हीएलटी, म्हणजे उजेड किती आत येतो. राहत्या घरात ४० ते ५० टक्क्यांच्या खाली जाऊ नये असे आमचे मत आहे. १५-२० टक्क्यांची फिल्म लावली की दुपारी बारालाही ट्यूबलाइट लावावी लागते आणि वाचलेली वीज तिथे जाते. नव्या घरांसाठीच्या २०१८ च्या इको-निवास संहितेतही खिडक्या भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत असतील तर काचेतून किमान २७ टक्के उजेड आला पाहिजे, अशी अट आहे.

प्रकार थोडक्यात. नुसत्या रंगाची फिल्म सर्वांत स्वस्त, पण काही उन्हाळ्यांत विटून जांभळट होते आणि उष्णता बहुतेक शोषतेच. धातूचा थर दिलेली आरशासारखी फिल्म उष्णता चांगली परतवते. मात्र मोबाइलची रेंज कमी करू शकते आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तिच्या कडा गंजून काळवंडतात. रत्नागिरी-मालवणकडे ती टाळलेली बरी. सिरॅमिक फिल्ममध्ये धातूचा थर नसल्याने रेंज आणि गंज हे दोन्ही प्रश्न येत नाहीत, उजेडही स्वच्छ राहतो. ती महाग असते आणि पुष्कळशी उष्णता शोषून रोखते. फ्रॉस्टेड (दुधी) फिल्म नजर अडवते, ऊन नाही.

या शोषण्यातूनच काच तडकते, आणि याबद्दल फिल्म विकताना सहसा कुणी बोलत नाही. उन्हात काचेचा मधला भाग तापून प्रसरण पावू पाहतो. कडा मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत, रबराखाली झाकलेल्या आणि थंड असतात. मधला भाग कडेला ताणतो. काच दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. कापताना कडेला बारीकसा टवका उडालेला असेल तर तिथूनच चीर सुरू होते. साध्या काचेत मध्य आणि कड यांच्या तापमानातला फरक ३०-४० अंशांच्या पुढे गेला की धोका असतो. टफन केलेली, म्हणजे तापवून झपाट्याने थंड करून कणखर केलेली, काच २०० अंशांच्या आसपासचा फरक सोसते. उष्णतेने गेलेली चीर ओळखता येते: ती कडेपासून काटकोनात निघते, पुढे नागमोडी वळत जाते आणि दगड लागल्याची खूण कुठेच दिसत नाही. वॉरंटीच्या वादात हा पुरावा उपयोगी पडतो, म्हणून काच काढण्याआधी त्या कडेचा फोटो घ्यावा.

सर्वांत जास्त धोका ब्राँझ, काळपट किंवा हिरव्या टिंटेड काचेला, कारण ती स्वतःच ऊन शोषते. जुन्या सोसायट्यांत अशा काचा भरपूर आहेत आणि त्यांवरच गडद फिल्म चढवली जाते. तारेची जाळी असलेली काच, लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) आणि दुहेरी काच (मध्ये पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा) यांनाही शोषणारी फिल्म आतून लावू नये. तिथे उत्पादकाचा त्या काचेसाठीचा लेखी होकार घ्यावा किंवा बाहेरून लावायची फिल्म घ्यावी, जिचे आयुष्य कमी असते. खडबडीत नक्षीच्या काचेवर फिल्म नीट बसतच नाही. याशिवाय अर्ध्या काचेवर छज्जाची तिरपी सावली, ग्रिलमधल्या कुंड्या, काचेला टेकलेले कपाट, अगदी लगतचा जाड पडदा, थेट काचेवर सोडलेला एसीचा झोत, यांनी मध्य आणि कड यांच्या तापमानातला फरक वाढतो. स्लायडिंगची दोन्ही शटर्स उन्हात एकावर एक सरकवून ठेवली तर मधली हवा कोंडून दोन्ही काचा जास्त तापतात.

आपली काच कोणती हे पाहणे अवघड नाही. टफन काचेच्या कोपऱ्यात बहुधा शिक्का असतो. रात्री काचेजवळ काडी पेटवून धरा: एकेरी काचेत ज्योतीची अगदी चिकटून दोन प्रतिबिंबे दिसतात, दुहेरीत दोन-दोनच्या जोड्या अंतर ठेवून दिसतात. त्यातल्या एका ज्योतीचा रंग वेगळा असेल तर काचेवर आधीच उष्णतारोधक लेप आहे, आणि फिल्मची गरज बहुधा नाही.

लावण्याच्या कामात घाई नडते. पावसाळ्यात लावू नये, पाणी वाळत नाही. पश्चिमेच्या खिडकीचे काम सकाळी करावे. तापलेल्या काचेवर फिल्म बसवण्याआधीच पाणी उडून जाते. पंखा बंद, पडदे काढलेले. एक लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब पुरतात. फेस जास्त झाला तर गोंद नीट धरत नाही. पाणी बोअरचे नको, क्षारांचे डाग कायमचे आत राहतात, फिल्टरचे घ्यावे. काच ओली ठेवून नव्या ब्लेडने एकाच दिशेने खरवडावी, रंगाचे आणि सिमेंटचे ठिपके काढावेत, रबराच्या कडेची धूळ धागे न सुटणाऱ्या फडक्याने टिपावी. फिल्म चारही बाजूंनी इंचभर मोठी कापावी. लायनर, म्हणजे गोंदावरचा संरक्षक कागद, सुटत नसेल तर एका कोपऱ्यावर दोन्हीकडून सेलोटेपचे तुकडे लावून ओढावे. गोंदाच्या बाजूवर आणि काचेवर भरपूर फवारा मारून फिल्म सरकवत जागेवर आणावी. मग वरूनही फवारा मारून स्क्वीजी (पाणी ओढायची रबरी पट्टी) मधल्या भागापासून कडेकडे ओढावी. कडेला एक ते दोन मिमी जागा सोडून कापावे. फिल्म रबरावर चढली की तिथूनच सुटायला लागते. शेवटी कडांवरून कापड गुंडाळलेले कडक कार्ड दाबून फिरवावे, कारण राहिलेले पाणी कडेलाच असते.

५० मायक्रॉन जाडीची फिल्म पूर्ण वाळायला महिनाभर लागतो. २०० मायक्रॉनच्या सेफ्टी फिल्मला (काच फुटल्यास तुकडे धरून ठेवणाऱ्या) दोन-तीन महिनेही लागू शकतात. तोवर धुरकटपणा किंवा पाण्याचे लहान फुगे दिसले तर सुईने टोचू नका, ते जातात. कण अडकून झालेला तंबूसारखा फुगा मात्र जात नाही, तो दिवसा सहा फुटांवरून दिसत असेल तर फिल्म बदलून मागावी. महिनाभर काच पुसू नये. नंतरही अमोनिया असलेले क्लीनर नको, आणि वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच पुसायची आपली जुनी सवय इथे सोडावी, ओरखडे पडतात. दिवाळीत तोरणे, माळा सेलोटेपने फिल्मवर चिकटवू नयेत.

काही समज दुरुस्त करायला हवेत. आरशासारखी फिल्म दिवसा आतले दिसू देत नाही; रात्री आत दिवा लागला की उलट होते आणि बाहेरून सगळे दिसते, पडदा लागतोच. फिल्म ९९ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण रोखते हे खरे, पण सोफा-पडदे विटणे थांबत नाही, मंदावते. उजेड आणि उष्णता यांनीही रंग जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालातली बंदी गाड्यांच्या काचांवरच्या फिल्मसाठी होती, घरांचा तिच्याशी संबंध नाही. घरासाठी सोसायटीची परवानगी पाहावी, विशेषतः आरशासारख्या फिल्मसाठी. तिचे परतलेले ऊन समोरच्या इमारतीत जाते.

विदर्भ-मराठवाड्यात कूलर चालतो त्या घरांना आमचे सांगणे वेगळे आहे. कूलरसाठी खिडकी उघडी ठेवावी लागते आणि उघड्या खिडकीत फिल्मचा उपयोग नाही. तिथे बाहेरून टांगलेली बांबूची चिक किंवा हिरवी शेडनेट जास्त काम करते, खर्चही थोडा. किंबहुना कुठेही बाहेर सावली करणे शक्य असेल तर ती फिल्मपेक्षा सरस, कारण ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. बाहेर काही टांगता येत नाही अशा उंच इमारतींत फिल्मला पर्याय कमी.

आमची मागणी दोघांकडे आहे. विक्रेत्यांनी बिलावर फिल्मचे नाव, टीएसईआर, व्हीएलटी, काच कोणती पाहून फिल्म निवडली आणि काच तडकल्यास भरपाई कोण देणार, एवढे लिहून द्यावे. दर काचेच्या मापावर आहे की वापरलेल्या रोलवर, हेही त्यात असावे. रोल बहुधा पाच फूट रुंद असतो आणि वाया गेलेल्या तुकड्यांचे पैसे नंतर निघतात. आणि बिल्डरांनी ताबा देताना प्रत्येक खिडकीच्या काचेचा प्रकार, जाडी आणि लेप यांची नोंद पझेशनच्या कागदांत द्यावी. आज नव्या घरात राहायला आलेल्या माणसाला ही माहिती काडी पेटवून शोधावी लागते.

आपले,
खिडक्या व काचकामाच्या व्यवसायातील वाचक, पुणे