मेळघाटची बातमी मेळघाटच्या तोंडून यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात मेळघाटच्या बातम्या सुरू होतात आणि दसऱ्याच्या सुमारास त्या आटोपतात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यूंचे आकडे, डॉक्टरांची रिक्त पदे, मंत्र्यांचा दौरा, स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्याची प्रतिक्रिया, असे सगळे त्यांत असते. ज्या घरातले मूल गेले त्या घरातल्या माणसाचे चार शब्द मात्र क्वचितच सापडतात. १९९३ साली कुपोषणामुळे मेळघाटचे नाव देशभर गेले. तेव्हापासून तिथल्या कोरकू आदिवासी माणसाची छायाचित्रे आपण पुष्कळ पाहिली. त्याचे म्हणणे काय आहे, हे आपल्याला कायम दुसऱ्या कोणीतरी सांगितले.

मी या दोन तालुक्यांत सव्वीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो, आणि हा दोष माझ्याही पदरात आहे. नेमणुकीच्या पहिल्याच वर्षी पहिलीच्या वर्गात भरलेल्या माठाकडे बोट दाखवून मी विचारले, "यात काय आहे?" मागच्या रांगेतला एक मुलगा हळूच "डा" म्हणाला. मी पुन्हा विचारले, तो पुन्हा "डा"च म्हणाला. तिसऱ्यांदा माझा आवाज चढल्यावर तो गप्प बसला. टाचणवहीत त्याच्या नावापुढे मी 'बोलत नाही' असा शेरा लिहून टाकला. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात, हे मला दिवाळीनंतर कळले, आणि तेही शाळेचा माठ भरणाऱ्या बाईंकडून. तोवर तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला होता.

कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे, हे अमरावती-परतवाड्यातल्या शिकलेल्या माणसालाही बहुधा ठाऊक नसते. ती मुंडा कुळातली भाषा आहे. संथाळी, मुंडारी आणि हो या तिच्या बहिणी, आणि त्या सगळ्यांत पश्चिमेला राहिलेली ही एकटीच. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, तेव्हा 'कोरकू' म्हणजे नुसते 'माणसे'. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशातले बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर वगैरे जिल्हे धरून सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. संथाळीला ओल चिकी ही स्वतःची लिपी आहे आणि २००३च्या ९२व्या घटनादुरुस्तीने तिला आठव्या अनुसूचीत जागाही मिळाली. कोरकूच्या वाट्याला यांतले काही आलेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय झाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला, तो योग्यच होता. त्या आनंदात याच राज्यातल्या या भाषेची आठवण कोणी काढल्याचे निदान माझ्या वाचनात आले नाही.

माणसाचे म्हणणे त्याच्या तोंडून न आल्याने बातमी कशी अर्धवट राहते, याचे एकच उदाहरण देतो. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डंबा' नावाची प्रथा मेळघाटात आहे. ती वाईटच आहे, तिने बाळे दगावू शकतात, आणि ती थांबलीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु अशी घटना घडली की मथळ्यात 'अघोरी', 'अंधश्रद्धा' आणि 'भूमका' (म्हणजे गावातला मांत्रिक-वैदू) हे तीन शब्द येतात आणि विषय तिथेच मिटतो. माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या आईने हे केले होते. कारण विचारल्यावर ती म्हणाली की, आधीच्या बाळंतपणात दवाखान्यात तिला कोणी काय बोलले ते एक अक्षर कळले नव्हते, फक्त रागावले होते एवढे कळले होते. भूमका निदान तिच्या भाषेत बोलतो. आरोग्य खात्याने तिच्या या वाक्यावर विचार केला असता तर कोरकू बोलणारी परिचारिका नेमण्याची निकड फलकांच्या आणि पत्रकांच्या आधी दिसली असती. पण हे वाक्य कुठेच छापले गेलेले नाही.

म्हणून विनंती अशी की, महिन्यातून एकदा तरी अर्धे पान कोरकू माणसांच्या स्वतःच्या कथनाला द्यावे. मजकूर देवनागरीत मूळ कोरकूत असावा आणि शेजारी मराठी अनुवाद असावा. सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव द्यावे, अनुवादकाचेही द्यावे, आणि छापण्यापूर्वी मजकूर त्याला वाचून दाखवावा. दर वेळी कुपोषण हाच विषय नको. मोहाचा हंगाम, व्याघ्रप्रकल्पातून उठवलेली गावे, मृतांच्या स्मरणार्थ उभे करायचे कोरीव लाकडी खांब, यांविषयी तिथल्या म्हाताऱ्यांकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ९ ऑगस्टला आदिवासी दिनानिमित्त रंगीत पुरवणी निघते, तिने हे काम भागत नाही.

हे वाचणार कोण, असे विचारले जाईल. मेळघाटात बदली होऊन जाणारे शिक्षक, परिचारिका, वनरक्षक आणि एसटीचे वाहक मराठी वर्तमानपत्रच वाचतात. मला त्या पहिल्या वर्षी 'डा' हा एक शब्द जरी कुठे छापलेला सापडला असता, तरी तो शेरा मी लिहिला नसता.

सुरुवात होळीला करता येईल. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे त्या आठवड्यात हमखास गावी परततात, फगवा मागत फिरतात आणि बोलायला मोकळी असतात. आपला प्रतिनिधी येणार असल्यास गावांच्या ओळखी मी करून देईन. माझी कोरकू मात्र इतक्या वर्षांनंतरही बाजारापुरतीच आहे, तेव्हा दुभाषी म्हणून गावातलीच एखादी शिकलेली मुलगी घ्यावी आणि तिचे मानधन आधी ठरवावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
परतवाडा, जि. अमरावती