आधी कविता वाचा, शिक्का नंतर मारा

संपादक महोदय,

व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या) इंग्रजी कवितेचे वसाहतोत्तर वाचन, म्हणजे तिच्यात साम्राज्याच्या खुणा शोधणारे वाचन, याचा अर्थ कवीवर ‘साम्राज्यवादी’ असा शिक्का मारून मोकळे होणे, असा समज पदव्युत्तर वर्गांत फार पसरला आहे. गाइडांनी तो पक्का केला. असे उत्तर लिहायला कवितेची एक ओळही वाचावी लागत नाही, हीच त्यातली सोय.

त्या काळातल्या इंग्रज कवयित्री ख्रिस्तिना रोझेटींची झाशीवरची छोटी कविता घ्या. ८ जून १८५७ ही तारीख शीर्षकातच आहे. बुरुजात कोंडले गेलेले ब्रिटिश अधिकारी कॅप्टन स्कीन आधी पत्नीला आणि मग स्वतःला गोळी घालून घेणार, असा प्रसंग. वीस ओळींपैकी खालच्या जमावाच्या वाट्याला जेमतेम दोन येतात, आणि त्यांत हे लोक किड्यांसारखे वळवळतात, कुत्र्यांसारखे केकाटतात. ते का चढून आले, याचा पत्ता नाही. पुढची चार कडवी मात्र त्या जोडप्याची : नजर, मिठी, कुजबुज, निरोप. सहानुभूती कुठे वळवली आहे, ते ओळी मोजूनच दिसते.

मुख्य म्हणजे असे घडलेच नव्हते. स्कीन शरण आले आणि इतरांबरोबर झाशीच्याच जोखनबागेत मारले गेले. हे कळल्यावर रोझेटींनी पुढच्या आवृत्तीत कविता इतिहासाला धरून नसल्याची टीप जोडली, पण कविता ठेवलीच. ऐकीव बातमी काव्य म्हणून कशी टिकते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. मात्र बहुतेक संकलनांत ती टीपच गळालेली असते.

त्याच काळातला इंग्रज कवी टेनिसन याच्या ‘लॉक्सली हॉल’ या कवितेबाबत (१८४२) घोळ वेगळा होतो. पूर्वेत जाऊन तिथल्या ‘रानटी’ बाईशी संसार थाटण्याचे स्वप्न निवेदक पाहतो आणि लगेच ते झिडकारतो. विद्यार्थी पहिला भाग उचलतात आणि टेनिसनच्या नावावर टाकतात. बोलणारा कवी नाही, चिडलेला तरुण आहे. पण तेवढ्याने कवी सुटतो असे नाही, हेही खरे. या तरुणाचा बाप मराठ्यांशी लढताना पडला, एवढे एका ओळीत उरकले जाते. बाप तिथे कशासाठी गेला होता, हे साऱ्या कवितेत कोणी विचारत नाही. वाचन तिथून सुरू व्हायला हवे.

परीक्षेत ‘चर्चा करा’ऐवजी आठ ओळी आणि प्रकाशनवर्ष छापून द्यावे. बोलतो कोण, कोणाला नाव आहे, कोणाला नाही, तेव्हा कोणती बातमी गाजत होती, एवढेच विचारावे. त्याची उत्तरे गाइडात सापडायची नाहीत.

– इंग्रजी साहित्याचा एक अध्यापक