पक्याला हेल्मेटचं कबूल करू नकोस

पुणे, रविवार, 18 फेब्रुवारी 2024

प्रिय अव्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे आणि मग पुढचं वाच, कारण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. फोनवर तू ‘बघू’ म्हणतोस आणि पक्या ‘बघू’ ऐकलं की ‘हो’ धरून चालतो. आमच्याकडे सगळे ठणठणीत, आईचा गुडघा होता तसाच, माझी साखर डॉक्टरांच्या मते बरी. संपलं.

तर पक्या. त्याला एका जर्मन वेबसाइटवर शोएई या जपानी कंपनीचं एनएक्सआर हे हेल्मेट तीनशे युरोला दिसलंय. तीन घ्यायचा बेत आहे. एक त्याला, दोन विकून ‘पहिल्याचे पैसे सुटतात’. पार्सल तुझ्या जर्मनीतल्या पत्त्यावर मागवायचं आणि काका-काकू एप्रिलमध्ये स्टुटगार्टहून परततील तेव्हा काकूंच्या बॅगेतून आणायचं. काकूंना अर्थातच विचारलेलं नाही. लदाखच्या वेळी टायरचं जे केलं तेच डोकं, फक्त आता त्यावर हेल्मेट बसवायचंय.

पक्याला नाही म्हणणं तुला जमत नाही, म्हणून कारणं लिहून देतो. त्याला वाचून दाखव हवं तर.

आधी ते स्वस्त का आहे ते बघ. युरोपात हेल्मेटच्या सुरक्षेचं प्रमाण, म्हणजे स्टँडर्ड, ते ईसीई 22. त्याची 22.06 ही नवी आवृत्ती 2021 मध्ये आली. तिच्यात धक्क्याच्या जागा वाढल्या, कमी आणि जास्त अशा दोन्ही वेगांना तपासणी आली, आणि तिरक्या आघाताने डोकं पिळवटतं त्याचीही चाचणी आली. आता कंपन्या नवा माल 22.06 चाच काढतात आणि दुकानांत पडलेला 22.05 चा साठा निम्म्या भावात निघतोय. एनएक्सआर 22.05 चं, त्याच्यानंतर आलेलं एनएक्सआर 2 हे 22.06 चं. म्हणून जुन्या हेल्मेटने डोकं फुटतं असं नाही, युरोपात 22.05 वापरायला बंदीही नाही. माझं म्हणणं वयाबद्दल आहे. हेल्मेट वापरायला काढल्यापासून पाच वर्षं आणि बनवल्यापासून फार तर सात वर्षं, एवढंच अराईसारखी कंपनीही सांगते. म्हणजे गोदामात तीन वर्षं पडून राहिलेलं हेल्मेट तू घेतलंस तर सातातली तीन तिथेच गेली. वेबसाइटवर तारीख कुणी लिहीत नाही. आतलं अस्तर उचललं की ती सापडते. घेण्याआधी ईमेल करून विचारायची, उत्तर आलं नाही तर सोडून द्यायचं.

दुसरी गोष्ट तोंडासमोरच्या काचेची. एनएक्सआरला सीडब्ल्यूआर-1 नावाची काच लागते, एनएक्सआर 2 ला सीडब्ल्यूआर-एफ2. एकीची दुसऱ्याला बसत नाही. आपल्या धुळीत आणि कोरड्या फडक्याने पुसायच्या पक्याच्या सवयीत एक काच किती टिकणार? मॉडेल बंद झालं की काच शोधत बसायचं, आणि तेही पुन्हा युरोपातून, पुन्हा तुझ्या पत्त्यावर. जुन्या मॉडेलच्या स्वस्ताईत ही दुसरी काच कुणी धरत नाही. शिवाय धुकं न धरणारी पिनलॉकची आतली काच डब्यात आहे की ती अडकवायच्या नुसत्या खुंट्या दिल्यात, हे जाहिरातीत नीट वाचावं लागतं. ‘पिनलॉक रेडी’ म्हणजे नुसत्या खुंट्या.

आता पैसे. पक्या म्हणतो तीनशे युरो म्हणजे सत्तावीस हजार. थेट पुण्याला मागवलं तर वेबसाइटवाले तुमचा जर्मनीतला 19 टक्के व्हॅट वजा करतात, म्हणजे 252 युरो. त्यात चाळीसेक युरो भाडं धर. झाले 292, आपल्या रुपयांत सव्वीस हजार तीनशेच्या आसपास. खासगी वापराच्या मालावर 35 टक्के ड्युटी, त्या ड्युटीवर 10 टक्के अधिभार आणि या सगळ्यावर 28 टक्के आयजीएसटी. गोळाबेरीज 77.28 टक्के. ती भाड्यासकट किमतीवर बसते, नुसत्या हेल्मेटच्या किमतीवर नाही. म्हणजे वीस हजार तीनशे कर, आणि हेल्मेट पडलं सेहेचाळीस हजार सहाशेला. कुरियरवाला स्वतःचं क्लिअरिंग वेगळं लावेल ते निराळंच. हे गणित मी त्याला पावतीच्या मागे करून दिलं. त्यावर त्याचं उत्तर : ‘म्हणूनच तर काकू!’

काकूंचं गणित ऐक. 2016 च्या बॅगेज नियमांप्रमाणे त्यांना 50,000 रुपयांपर्यंतचं सामान माफ आहे. पण त्यात सगळं धरतात. तू त्यांना दिलेला मिक्सर, नातवंडांची खेळणी, तुझ्या मावशीला पाठवलेली पर्स, सगळं. त्यात तीन हेल्मेट म्हणजे 81,000. वरच्या 31,000 वर 35 टक्के ड्युटी आणि तिच्यावरचा अधिभार मिळून 38.5 टक्के, म्हणजे जवळजवळ बारा हजार. काकांची सवलत काकूंच्या मालाला जोडता येत नाही, दोघं एकाच विमानात असली तरी. आणि मुळात ही माफी स्वतःच्या सामानाला आहे. एकाच मॉडेलची तीन नवी कोरी हेल्मेट डब्यासकट दिसल्यावर मुंबईचा अधिकारी काकूंना विचारणार, ‘आजी, बाइक कोणती चालवता?’ काकू त्याला काय उत्तर देतील ते तू मला सांग. त्या खरं बोलतील, हीच भीती आहे.

आणि विकायचं म्हणशील तर विषयच संपला. नोव्हेंबर 2020 चा सरकारी आदेश 1 जून 2021 पासून लागू झाला. आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवणं, आयात करणं, विकणं बंद. नाना पेठेत लोक काय काय विकतात ते मला सांगू नकोस, मी तिथेच बसतो. स्वतः घालायचं म्हटलं तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे केंद्र सरकारने ठरवलेल्या प्रमाणाचंच हेल्मेट लागतं. दंड 1000 आणि लायसन्स तीन महिने बाद. चौकातला हवालदार मागचं स्टिकर बघेल की नाही हा नशिबाचा भाग. पक्याने त्यावरही उपाय काढलाय, आयएसआयचं स्टिकर रस्त्यावर मिळतं म्हणे! खऱ्या मार्कवर आयएस 4151 हा हेल्मेटच्या भारतीय प्रमाणाचा नंबर असतो, खाली सीएम/एल आणि लायसन्स नंबर असतो, आणि तो लायसन्स नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. पन्नास हजारांच्या हेल्मेटवर दहा रुपयांचं स्टिकर लावणारा माणूस आपला मित्र आहे, हे मी बाहेर कुणाला सांगत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट अजून राहिलीच आहे. मापाची.

तो म्हणतो, ‘माझं 58.’ कशाने मोजलं? चार्जरच्या वायरने. शिंप्याची टेप घ्यायची, भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटीमीटर, कानांच्या वरून, आणि मागे डोकं जिथे सर्वांत फुगीर आहे तिथून. तीन वेळा मोजायचं आणि मोठा आकडा धरायचा. तरी 58 हा त्रासाचाच आकडा. एका ब्रँडच्या तक्त्यात तो एमची वरची कड असतो, दुसऱ्याच्या तक्त्यात एलची खालची. आणि घेर सारखा असला तरी घडण वेगळी असते. त्याचं डोकं पुढून मागे लांबट आहे, कॉलेजात आपण त्याला नारळ उगीच नव्हतो म्हणत. गोल आतल्या हेल्मेटमध्ये लांबट डोकं घातलं की कपाळावर दाब आणि कानांशी पोकळी. उलट झालं की कानशिलं ठणकतात. हे घातल्याशिवाय कळत नाही, आणि तुझ्या डोक्यावर घालून तर मुळीच कळणार नाही.

कसं बघायचं तेही लिहितो, तू स्वतःला कधी घेशील तेव्हा कामाला येईल. घालून पट्टा बांध. हनुवटीचा भाग धरून डावी-उजवीकडे हलव : गालांची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून सरकता कामा नये. मग मागच्या कडेला बोटं घालून पुढे उलटायचा प्रयत्न कर, डोळ्यांवरून निघून येत असेल तर मोठं आहे. मग वीस मिनिटं तसंच डोक्यावर ठेव आणि काढून आरशात बघ. गाल दाबले गेले असतील तर हरकत नाही, गालाचे पॅड काही आठवड्यांत बसतात, शिवाय वेगळ्या जाडीचे मिळतात. कपाळावर लाल ठिपका दिसला तर परत कर. तिथे आत थर्माकोल आहे, तो बसत नाही; आणि बसला तर समज तो चेपला, म्हणजे कामातून गेला. सवलतीच्या वेबसाइटवर शेवटी उरतात ती एक्सएस आणि डबल एक्सएल. एमचा एखादा उरलाच तर तो ज्या रंगात आहे तो रंग कुणाला का नको होता ते फोटो बघून कळतं.

तुमच्याकडे ऑनलाइन घेतलेला माल चौदा दिवसांत परत करता येतो. पण पक्याचं डोकं पुण्यात, चौदा दिवस जर्मनीत. काकू येईपर्यंत दोन महिने गेले. मग बसलं नाही तर कोण कुणाला परत करणार? वॉरंटीचंही तेच, पावती तिकडची.

आता तू म्हणशील, ‘अरे, एकच घेऊ, मी देतो भेट.’ तू म्हणशीलच. तसं असेल तर निदान नीट कर. पक्याच्या डोक्याचा वरून काढलेला फोटो आणि टेपचं माप मी पाठवतो. वेबसाइटऐवजी दुकानातून घे, काकूंना बरोबर ने आणि बिल त्यांच्या नावाचं कर. तुला तिथला रहिवासी म्हणून व्हॅट परत मिळत नाही, त्यांना मिळतो : खरेदी 50 युरोच्या वर हवी, दुकानाकडून निर्यातीचा फॉर्म भरून घ्यायचा, हेल्मेट न वापरलेलं असावं, आणि खरेदीच्या महिन्यानंतरच्या तीन महिन्यांत युरोपाबाहेर जावं. विमानतळावर कस्टम्सचा शिक्का बॅग देण्याच्या आधी. बॅग पट्ट्यावर गेली की दाखवायला हेल्मेटच नाही.

पट्ट्यावर शिवलेलं लेबल बघून घे. गोलात ई आणि एक आकडा : 1 जर्मनी, 3 इटली, 4 नेदरलँड्स. मंजुरी कुठल्या देशाने दिली तेवढंच त्यावरून कळतं, माल कुठे बनला ते नाही. खालच्या नंबराची सुरुवात 06 ने झाली तर 22.06. पुढे पी असेल तर हनुवटीचं संरक्षण तपासलेलं. जे असेल तर ते तुझं लाडकं उघडं हेल्मेट, ज्यावरून आपण महाबळेश्वरपर्यंत भांडलो होतो. अजूनही माझंच बरोबर आहे.

केबिनमध्ये बसेल म्हणून काकूंच्या हातात देऊ नकोस. लुफ्तान्झाची केबिन बॅग 55 बाय 40 बाय 23, आणि हेल्मेट 23 मध्ये मावत नाही. मोठ्या बॅगेत मूळ डब्यासकट, मध्यभागी, चारही बाजूंनी कपडे. आतल्या पोकळीत मोजे, टी-शर्ट असलं मऊ काहीतरी. चार्जर, अत्तराच्या बाटल्या, नेलपॉलिश रिमूव्हर आत कोंबायचे नाहीत. रिमूव्हर सांडला तर थर्माकोल विरघळतो आणि वरून काहीच दिसत नाही.

पण माझं मत विचारशील तर एकही नको. एलएसटू, एमटी, एसएमके, अ‍ॅक्सॉर यांची आयएसआय आणि ईसीई असे दोन्ही मार्क असलेली मॉडेल्स इथे मिळतात, काच मिळते, पॅड मिळतात, आणि तो दुकानात वीस मिनिटं घालून बसू शकतो. चहा मी पाजतो. त्याला शोएईच पाहिजे ती ग्रुपमधल्या फोटोसाठी, हे तुलाही माहीत आहे.

बाकी तुझं काय? नवी नोकरी मानवली का? वहिनींना सांग, मसाल्याचं पार्सल पोहोचल्याचा मेसेज आला, मीच उत्तर दिलं नाही. सईची शाळा सुरू झाली का, जर्मनमध्ये भांडते का आता? तिचा दात पडलेला फोटो आईला मोठा करून दाखवला. घराचं कर्ज मंजूर झालं की कळव.

पक्याचा पगार 1 तारखेला होतो. पैसे तुझ्या खात्यावर आले की मग त्याला नाही म्हणणं तुला आयुष्यात जमणार नाही. त्याच्या आत त्याला फोन कर, आणि काकूंना सांगून ठेव की परस्पर त्याचा फोन आला तर बॅग आधीच तेवीस किलो भरलीय म्हणायचं.

तुझा,
बाळ्या