'इझी पॅडल' म्हणून विकलेल्या सर्फबोर्डबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'इझी पॅडल' रेंजमधला ६ फूट ६ इंच, ४२ लिटरचा बोर्ड बदलून मिळण्याबाबत आणि वेबसाईटवरची अपुरी माहिती दुरुस्त करण्याबाबत

नमस्कार,

वरच्या बोर्डबद्दल मी आधी एक छोटी तक्रार केली होती, त्यावर तुमचं उत्तर आलं की बोर्डमध्ये काही मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट नाही, पॅडलिंग (बोर्डवर पोटावर झोपून हातांनी पाणी मारत पुढे जाणं) जड जातंय हा फिटनेसचा विषय आहे, आणि सोबत खांद्याच्या व्यायामांची एक पीडीएफ. ते उत्तर मला अजिबात पटलेलं नाही म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय, कृपया शेवटपर्यंत वाचा आणि शक्य असेल तर हे पत्र तुमच्या डिझाईनवाल्या माणसाकडे पण पाठवा.

पहिली गोष्ट, फिटनेस कमी झालाय हे मीच तुम्हाला सांगितलं होतं, ते पण पैसे भरायच्या आधी. तुमच्या चॅटवर मी स्पष्ट लिहिलंय की वय ६१, वजन ८२ किलो, तरुणपणापासून सर्फिंग करतोय, उजवा खांदा दुखरा आहे, पूर्वीसारखा दम राहिला नाही, आणि मला असा बोर्ड हवाय ज्यावर कमी स्ट्रोकमध्ये लाट लवकर पकडता येईल. त्यावर तुमच्या माणसाने लिहिलं की मग हाच घ्या, ४२ लिटर आहे, तुमच्या वजनाला भरपूर झालं, आरामात पॅडल होईल. स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. म्हणजे ज्या कारणासाठी मी हा बोर्ड घेतला तेच कारण आता तुम्ही मला परत दाखवताय, हे बरोबर नाही ना.

आता बोर्डबद्दल. ४२ लिटर, म्हणजे बोर्डचं घनफळ, हा आकडा कागदावर चुकीचा नाही हे मी मान्य करतो. ८२ किलोला ४२ लिटर म्हणजे किलोमागे अर्धा लिटर, चांगले फिट सर्फर शॉर्टबोर्डवर किलोमागे साधारण ०.३५ ते ०.४० लिटरवर चालवतात, त्या हिशोबाने मला भरपूर फोम (बोर्डच्या आतला तरंगणारा भाग) मिळालाय. पण लिटरचा आकडा फक्त इतकंच सांगतो की बोर्ड किती तरंगणार. तो पाण्यातून किती सहज पुढे सरकणार हे त्यातून कळतच नाही, आणि पॅडलिंग म्हणजे तर सगळं पुढे सरकणंच. तुमच्या प्रॉडक्ट पेजवर लांबी आहे, रुंदी आहे, जाडी आहे, लिटर आहेत, आणि रॉकरबद्दल, म्हणजे बोर्डची टोकं किती वर वळलीत त्याबद्दल, एक अक्षर नाही. म्हणून मी घरी बोर्ड उलटा ठेवून मधोमध सरळ पट्टी टेकवून स्वतः मोजलं, नोजपाशी (पुढच्या टोकाला) पावणेसहा इंच अंतर येतंय आणि टेलपाशी (मागच्या टोकाला) पावणेतीन. साडेसहा फुटी बोर्डला नोजचा एवढा उचल म्हणजे हा उभ्या, पोकळ लाटांवर उशिरा टेक-ऑफ घेणाऱ्यांचा, म्हणजे लाट फुटता फुटता पकडून उठणाऱ्यांचा, रॉकर आहे, तिथे नोज पाण्यात घुसू नये म्हणून तो लागतो. तोच आकार रुंद करून, जाड करून, वरती इझी पॅडल लिहून माझ्यासारख्याला विकलंय.

पाण्यात याचा परिणाम असा होतो की बोर्डच्या पुढच्या भागाला पाणी कापता येत नाही, तो पाणी ढकलत जातो. स्ट्रोक मारला की बोर्ड पुढे जातो, हात उचलला की लगेच मंदावतो, म्हणजे प्रत्येक स्ट्रोक नव्याने सुरू केल्यासारखा. छातीखाली फोम हवा तिथे तो नाहीये कारण नोज निमुळता केलाय, आणि जाडी सगळी मधल्या भागात आणि मागे साठवलीय, त्यामुळे मी पुढे सरकून झोपलो तर नोज बुडायला लागतो आणि मागे सरकलो तर नोज वर येऊन ब्रेक लागतो. नोज पाण्याच्या इंच-दोन इंच वर राहील अशी जी जागा असते ती या बोर्डवर इतकी छोटी आहे की थोडी वाऱ्याची लहर आली तरी हलते.

रुंदीचं पण तेच. पावणेबावीस इंच रुंद आहे आणि सगळ्यात रुंद भाग नेमका खांद्यांच्या रेषेत येतो, वर रेल (बोर्डच्या कडा) जाड आणि चौकोनी, त्यामुळे हात बाजूने फाकवून मग पाण्यात घालावा लागतो. दुखऱ्या खांद्याला हेच सगळ्यात वाईट, कारण हात तसा फाकलेल्या अवस्थेत वर उचलत राहिलं की खांद्यातले टेंडन हाडाखाली घासतात. म्हातारा सर्फर म्हणजे रुंद आणि जाड बोर्ड द्या असं जे समीकरण तुम्ही लोकांनी करून ठेवलंय ना, ते माझ्या मते इथेच चुकतं. फोम लांबीत टाकायला हवा, रुंदीत आणि जाडीत नाही.

हे मी नुसतं वाचून बोलत नाहीये. माझ्या वयाच्या एका मित्राचा मिड-लेंग्थ (मध्यम लांबीचा बोर्ड) मी त्याच बीचवर चालवून बघितला, ७ फूट ६ इंच, साडेएकवीस इंच रुंद, जाडी अडीच इंचाच्या जराशी वर, ४५ लिटर. म्हणजे तुमच्या बोर्डपेक्षा फक्त ३ लिटर जास्त, आणि रुंदीला, जाडीला उलट कमी. पण नोजचा रॉकर सव्वाचार इंच, पुढचा भाग भरलेला, मधला भाग जवळजवळ सपाट. तो बोर्ड ग्लाइड होतो! हात पाण्याबाहेर असताना पण तो चालत राहतो आणि मधल्या वेळात खांद्याला विश्रांती मिळते. पाण्याला टेकलेली लांबी जास्त आणि तळ सरळ असला की तेवढ्याच ताकदीत बोर्ड जास्त वेग धरतो, होडी बनवणाऱ्या कुणालाही हे विचारा. हवाईमधल्या जुन्या लाकडी बोर्डांमध्ये सुद्धा ओलो नावाचा खूप लांब प्रकार होता, न फुटलेल्या हलक्या लाटा लांबूनच पकडण्यासाठी, आणि आखूड अलाया वेगळा होता. म्हणजे ही समज सर्फिंगमध्ये काही आजची नाही. १९९०च्या दशकात पातळ, अरुंद आणि खूप रॉकरवाले बोर्ड सगळीकडे पसरले, ते स्पर्धेतल्या तरुण पोरांसाठी ठीक होते, पण ते डिझाईन फुगवून साठीच्या माणसाला देणं हा त्याच्यासाठी बोर्ड बनवणं नाही.

पॅडलिंग सोपं असण्याला मी एवढं का चिकटून बसलोय ते पण सांगतो, कारण तुमच्या उत्तरात ते समजलेलं दिसत नाही. सर्फिंगच्या वेळेचा हिशोब संशोधकांनी मोजलाय, पाण्यातला जवळपास अर्धा वेळ पॅडलिंगमध्ये जातो आणि प्रत्यक्ष लाटेवर उभं राहणं दहा टक्क्यांहून कमी. तिशीनंतर शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी उतरते, व्यायाम करणाऱ्याची हळू उतरते पण उतरतेच, आणि स्नायूंचा झटका, म्हणजे ती पटकन जोर लावायची ताकद, ही तर नुसत्या ताकदीपेक्षाही लवकर कमी होते. लाट पकडताना शेवटचे तीन-चार स्ट्रोक याच झटक्यावर असतात. तरुण मुलगा कुठल्याही बोर्डवर ते मारून लाटेत घुसतो. माझ्याकडे तो झटका राहिलेला नाही, म्हणून मला लाट उभी व्हायच्या आधी, तिचा उतार अजून हलका असतानाच तिच्यासोबत वेग धरायला हवा.

आणि याचा थेट संबंध पॉप-अपशी, म्हणजे झोपलेल्या अवस्थेतून बोर्डवर उभं राहण्याशी, आहे, जे वेबसाईटवर कुठेच लिहिलेलं नसतं. लाट लवकर पकडली की उभं राहायला वेळ मिळतो, आधी हात टेकवून, मग पुढचा पाय आणून, सावकाश उठता येतं. बोर्ड हळू असला की लाट अगदी फुटायच्या बेतात येईपर्यंत आत शिरता येत नाही, उतार उभा झालेला असतो आणि तेव्हा एका झटक्यात उठावं लागतं, म्हणजे ज्या गुडघ्यांना आणि कंबरेला सगळ्यात जास्त वेळ हवा त्यांना सगळ्यात कमी वेळ मिळतो. तुमच्या बोर्डवर माझ्या हातून लाटा निसटतायत त्या अर्ध्या पॅडलिंगमुळे आणि अर्ध्या या उशिरामुळे. लाइन-अपमध्ये (जिथे सगळे लाटेची वाट बघत थांबतात तिथे) बसून चांगल्या लाटा खालून निघून जाताना बघणं, ते पण मुद्दाम सोप्या पॅडलिंगसाठी नवीन बोर्ड घेतल्यावर, याचा किती त्रास होतो ते लिहून सांगता येणार नाही. माझ्या हातात आता चांगली अजून किती वर्षं आहेत मला माहीत नाही, ती मला पाण्यात घालवायची आहेत.

बाहेर, म्हणजे लाटांपलीकडे, जाताना पण तेच, बोर्ड मधोमध इतका जाड आहे की डक डाइव्ह (बोर्ड दाबून येणाऱ्या लाटेखालून जाणं) होत नाही, पाण्याखाली दाबलाच जात नाही. टर्टल रोल (बोर्डसकट उलटं होऊन लाट वरून जाऊ देणं) करायला माझी काहीच हरकत नाही, मिड-लेंग्थवर तो करावाच लागतो, पण तिथे निदान त्या बदल्यात ग्लाइड मिळतो. इथे आखूड बोर्डचे पण तोटे आणि जाड बोर्डचे पण.

वजनाबद्दल एक. पेजवर 'अल्ट्रा लाइट, त्यामुळे पॅडलिंग सोपं' असं लिहिलंय पण किती किलो ते नाही. एपॉक्सी रेझिनचा बोर्ड हलका असल्यामुळे गाडीतून काढून पाण्यापर्यंत न्यायला खरंच बरं पडतं, माझ्या खांद्याला तो फायदा आहे आणि ते मी नाकारत नाही. पण पाण्यात वारा असला की हाच हलकेपणा बोर्डला वरती नाचवतो, आणि स्ट्रोकच्या मधल्या वेळात वेग टिकवायला थोडं वजन मदतच करतं. त्यामुळे हलका म्हणजे पॅडलला सोपा हे सरसकट लिहिणं दिशाभूल करणारं आहे, ते वाक्य काढा.

तुमचा व्हॉल्यूम कॅल्क्युलेटर, किती लिटरचा बोर्ड घ्यावा ते सांगणारा, तो पण बघा एकदा. तो फक्त वजन आणि लेव्हल विचारतो. मी अनेक वर्षं सर्फिंग करतोय म्हणून 'अॅडव्हान्स्ड' निवडलं, दुसरा कुठला पर्याय मला लागू पडतो सांगा, आणि त्याने मला ३१ लिटर सांगितले. लाट वाचता येणं आणि दोन तास पॅडल मारता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझी पहिली शाबूत आहे आणि दुसरी कमी होत चाललीय, आणि माझ्यासारखे असंख्य लोक आहेत. वय विचारा, आठवड्यातून किती वेळा पाण्यात जाता विचारा, खांदा-पाठ-गुडघा विचारा, नेहमी कसल्या लाटा मिळतात विचारा. चार प्रश्न वाढवायला किती वेळ लागतो?

राहिला रिटर्नचा मुद्दा. तुम्ही म्हणता वॅक्स लावलेला बोर्ड परत घेत नाही. पण पाय घसरू नये म्हणून लागणारं वॅक्स न लावता बोर्ड पाण्यात नेता येत नाही, आणि पाण्यात न नेता तो पॅडलला सोपा आहे की नाही हे कळत नाही, मग ज्या गुणासाठी विकताय तो तपासायचा ग्राहकाने कसा? रॉकर दिला असता तर मी आकडा बघूनच हा बोर्ड घेतला नसता. बोर्डवर एकही डिंग (फुटलेली जागा) नाही, प्रेशर डेंटसुद्धा (दाबाने पडलेला खळगा) नाही, सगळ्या बाजूंचे फोटो जोडलेत.

तर मला हा बोर्ड परत घेऊन त्याऐवजी तुमच्याच रेंजमधला ७ फूट ४ इंच ते ७ फूट १० इंचाच्या दरम्यानचा मिड-लेंग्थ हवाय, ४५ ते ५० लिटर, पण पाठवायच्या आधी त्याचा नोज आणि टेल रॉकर, नोजपासून १२ इंचावरची रुंदी आणि वजन मला लेखी कळवा, मी बघून हो म्हटल्यावरच पाठवा. नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. किमतीत फरक असेल तर तो मी भरेन, त्यावरून वाद घालणार नाही. तसा बोर्ड तुमच्याकडे नसेल तर पूर्ण पैसे परत करा. आणि हे चारही आकडे प्रत्येक बोर्डच्या पेजवर टाका, शेपिंगच्या, म्हणजे बोर्ड घडवण्याच्या, फाईलमध्ये ते तुमच्याकडे असतातच, आणि ते टाकेपर्यंत या मॉडेलवरचं 'इझी पॅडल' हे लेबल काढून ठेवा म्हणजे माझ्या वयाचा पुढचा माणूस फसणार नाही.

व्यायामाची पीडीएफ परत पाठवू नका. मी पोहतो, रबर बँडचे खांद्याचे व्यायाम रोज करतो आणि करत राहणार.

येत्या १५ दिवसांत उत्तर द्या, नाहीतर मला ग्राहक आयोगाकडे जावं लागेल आणि मी जाईन. बोर्डवरचं वॅक्स काढून, पुसून, तुमच्याच बॉक्समध्ये पॅक करून ठेवलाय, पिकअपला कोण आणि कधी येणार तेवढं कळवा.

कळावे,
तुमचा ग्राहक
(ऑर्डर नंबर आणि फोन नंबर आधीच्या तक्रारीत दिलेला आहे)