‘मूळचे कोण?’

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धर्म बदलणारा माणूस आपली मूळ ओळख घालवून बसतो, असे मत नाताळच्या सुमारास आपल्या अंकातील एका वाचकपत्रात मांडले होते. पत्रलेखकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु जालन्यातील ख्रिस्ती घरात चौथ्या पिढीत जन्मलेला निवृत्त शिक्षक म्हणून त्यावर लिहिणे मला आवश्यक वाटते.

जालन्याजवळचे बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, स्कॉटिश मिशनच्या वतीने वसवले. तेथील बहुतेक कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. माझे पणजोबा त्यांतलेच. त्यांची आधीची ओळख त्यांनी निवडलेली नव्हती, गावाने ती लावून दिली होती आणि पाणवठ्यावर रोज तिची आठवण करून दिली जात होती. त्यांनी काही घालवले असेलच, तर ते हे.

खुद्द शेषाद्री ब्राह्मण घरातले. १८४३ मध्ये मुंबईत ते ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला. वयाने लहान म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले आणि मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले, हे त्यांचे धैर्यच. तरी या प्रकरणातील एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे : तो मुलगा कोण, हे न्यायालय, जात आणि सुधारक यांनी आपापसांत ठरवले.

माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला आणि वचने आईवडिलांनी दिली. दृढीकरणाचा, म्हणजे ती वचने मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, वर्ग सुरू झाला, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो; त्या वर्षी मी नाव दिलेच नाही. कॉलेजातले मित्र ‘तुम्ही लोक मूळचे कोण?’ असे विचारीत, आणि त्यात जात विचारलेली असे, हे मला कळू लागले होते. (ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींत न धरणाऱ्या १९५० च्या आदेशामुळे कायद्याच्या लेखी आमची जात सुटली; विचारणाऱ्यांच्या लेखी ती अजून सुटलेली नाही.) पाळकसाहेबांनी आग्रह केला नाही. पुढल्या वर्षी भर उपासनेत त्यांनी आम्हा एकेकाला, आडनाव न घेता, नुसत्या नावाने हाक मारून मंडळीसमोर उभे केले आणि ‘हा विश्वास तुझा स्वतःचा आहे का?’ असे विचारले. ‘होय’ म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. देव प्रत्येकाला त्याच्या नावाने ओळखतो, हे चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत शंभरदा ऐकले होते. त्या दिवशी ते मला उद्देशून होते. मित्रांचा प्रश्न पुढेही येत राहिला, पण पणजोबांची जात आणि माझा विश्वास मी एका दमात सांगू लागलो.

यात मराठीपण कोठे गेले, हे मला शोधूनही सापडत नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचा अभंग त्यांनी सोडला नाही. आमची आजी संध्याकाळच्या प्रार्थनेला टिळकांचेच अभंग टाळ वाजवून म्हणत असे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्षस्थानी होते. मंडपात माझ्या शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, ‘फादर मराठी किती छान बोलतात!’ साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांविषयी!

माझी नात यंदा दृढीकरणाच्या वयाची झाली आहे. तिने विचार करायला वेळ मागितला असून, तिला कोणीही घाई करू नये, असे मी घरात सांगून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, जालना